अंगण पडलं का?

कर्णिक बाई माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याचे पाय बघायच्या. कुणी नवीन आलं की या, बसा, चहा घेणार का, हे सगळं नंतर. आधी चष्म्याच्या वरून नजर खाली जायची, चपलेतल्या बोटांवर थांबायची आणि मग वर यायची. कॉलेजातले जुने लोक त्यांच्यासमोर बसताना नकळत पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे. आमचे प्राचार्य भर मे महिन्यातही बूट-मोजे घालून यायचे, ते बाईंच्या धाकानेच, असं माझं आजही मत आहे.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भाईंदर पश्चिमेच्या त्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही परळची चाळ सोडून नुकतेच नवघरला राहायला आलो होतो. नवी इमारत, भिंतींना नवा रंग, आणि पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे चाळीस मिनिटं. ती चाळीस मिनिटं मी मोरीत अनवाणी उभी राहून पिंपं भरायची आणि तशाच ओल्या पायांत चपला सरकवून रिक्षा गाठायची. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत शिरले तर खिडकीपाशी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा घातलेली बाई बटाटे सोलत बसलेली. मला वाटलं, कॅन्टीनची बाई इकडे सावलीला आली असेल.

"कर्णिक मॅडम कुठे भेटतील?" मी विचारलं.

"मॅडम नाही, बाई म्हणा," त्या म्हणाल्या. नजर खाली गेली. "चप्पल काढा."

"अं?"

"चप्पल काढा हो. डावा पाय या स्टुलावर."

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबबाईंसमोर पाय वर करून उभी राहिलेली मी बहुधा एकटीच. त्यांनी हात पदराला पुसला, माझी शेवटची दोन बोटं फाकवून बघितली आणि म्हणाल्या, "चिखल्या. किती दिवस?"

"दोन महिने. मलम लावते ना मी."

"ओल्यावर लावता की कोरड्यावर?"

मी ओल्या चपलेकडे बघितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून जुन्या सुती साडीची फाडलेली एक पट्टी काढली. "पाणी भरून झालं की ही बोटांच्या प्रत्येक फटीतून फिरवायची. पार कोरडं झालं की मग मलम. महिनाभर चुकवायचं नाही. बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. तुम्ही मंगलताई ना? बटाटे सोलता येतात?"

महिन्याने माझे पाय बरे झाले. बटाटे मात्र पुढे कितीतरी वर्षं सोलत होते.

बुरशीला बटाटा फार आवडतो. बटाटे उकडायचे, त्याचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात साखर आणि चायना ग्रास घालून शिजवायचं, कुकरच्या वाफेवर निर्जंतुक करायचं आणि काचेच्या बश्यांत ओतायचं. गार झालं की खरवसासारखं थिजतं. त्यावर बुरशी पेरली की ती सुखाने वाढते. याची तयार पावडर विकत मिळते, पण आमच्या कॉलेजात पावडरीच्या मंजुरीला सहा महिने लागायचे आणि बाईंना सहा दिवस दम निघत नसे. त्या सरळ बाजारात कांतिभाईंच्या दुकानात जाऊन चायना ग्रासची पाकिटं उचलायच्या.

"बेन, इतना चायना ग्रास? रोज हलवा खाते हो क्या?" कांतिभाई विचारायचे.

"मैं किधर खाती? मेरी बुरशी खाती है," बाई सांगायच्या. बुरशी म्हणजे काय ते कांतिभाईंना कळलं नव्हतं. बाईंना त्या नावाची एक सून आहे अशी त्यांची समजूत होती, आणि मधूनमधून ते तिची तब्येत विचारायचे. "अच्छी बढ़ रही है," बाई मनापासून सांगायच्या.

बाईंना एकच वेड होतं. चिखल्या, नायटा, गजकर्ण, नखं कुजणं, असल्या बुरशीच्या दुखण्यांवर लोक जो झाडपाला लावतात, त्यात खरंच काही असतं का, हे त्यांना बघायचं होतं. ऑफिसातल्या पंचिंग मशीनने गाळण कागदाच्या बारीक गोल टिकल्या पाडायच्या. पाला स्पिरिटमध्ये भिजत घालून त्याचा अर्क काढायचा. टिकली अर्कात बुडवायची, स्पिरिट उडून जाऊन ती खडखडीत वाळेपर्यंत थांबायचं आणि मग बुरशी पेरलेल्या बशीत ठेवायची. शेजारी एक टिकली नुसत्या स्पिरिटची, तीही वाळवलेली. काही दिवसांनी बशीभर पांढरी कापसासारखी बुरशी माजते. पाल्यात दम असला तर टिकलीभोवती तेवढी जागा स्वच्छ राहते. पुस्तकात या जागेला भलंमोठं नाव आहे. बाई तिला अंगण म्हणायच्या.

सकाळी पर्स खांद्यावरून उतरायच्या आत त्या विचारायच्या, "मंगलताई, अंगण पडलं का?"

ओव्याचं अंगण मोठं पडायचं, लवंगेचंही. कडुनिंबावर त्यांचा राग होता. "एवढं नाव, एवढा बोलबाला, आणि अंगण बघा, त्यात रांगोळीचा ठिपकाही मावायचा नाही." हळद त्यांच्या मते बरी, पण अंगणापेक्षा पिवळेपणा जास्त. अंगण कितीही मोठं पडलं तरी शेवटी त्या स्वतःलाच बजावायच्या, "बशीत मेली म्हणजे बोटात मेली असं नाही." वर्गात मुलांना तर हे वाक्य इतक्या वेळा ऐकवायच्या की मुलं त्यांच्या पाठीमागे कोरसात म्हणायची.

त्याला कारण आमचे हेडक्लार्क पेडणेकर झाले होते. बाई एकदा स्टाफरूममध्ये लसणीच्या अंगणाचं तोंडभरून कौतुक करत होत्या आणि पेडणेकर कोपऱ्यात फाईल उघडून, न ऐकल्यासारखं करत, सगळं ऐकत होते. त्यांना गजकर्ण झालेलं होतं, आणि ते अशा जागी की बाईंना दाखवायची सोय नव्हती. त्यांनी घरी जाऊन कच्ची लसूण वाटली, लावली आणि वरून फडकं घट्ट बांधून झोपले. सकाळी कातडं भाजल्यासारखं सोलून निघालं. आठवडाभर ते ऑफिसात उभ्यानेच सह्या घेत होते, आणि चालत आले की जिन्यावर समोरच्याने थांबून वाट द्यायची असा नियम झाला. सगळं कॉलेज हसत होतं. बाई हसल्या नाहीत. त्या पेडणेकरांच्या टेबलाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी. लसूण बुरशीला मारते एवढंच मी बोलले. ती कातडीलाही सोडत नाही हे बोलले नाही. तुम्ही आजच्या आज डॉक्टरकडे जा." पेडणेकरांना ते सगळ्यांसमोर बोलणंच जास्त झोंबलं असावं, पण गेले बिचारे.

अर्ध्या बोलण्याने माणसाला इजा होते, याची त्यांनी तेव्हापासून मनाशी खूणगाठ बांधली होती. तरी पुढे तेच झालं, आणि त्याला निमित्त मी झाले.

आधी हे सांगायला हवं की बाई घरी एकट्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक नागपूरला. पश्चिमेला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लोडशेडिंगमुळे प्रयोगशाळेतली उबेची पेटी बंद पडायची, म्हणून थंडीच्या दिवसांत त्या बुरशीच्या बश्या जेवणाच्या पिशवीत घालून घरी न्यायच्या आणि शालीत गुंडाळून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, एवढा कसला हो ध्यास तुम्हाला?" सहज विचारलं होतं, पण त्यांनी हातातलं काम थांबवलं. म्हणाल्या, "माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. तिच्या बोटांच्या बेचक्या मी कधी कोरड्या बघितल्या नाहीत. दिवाळीत करंजीला मुरड घालताना बोटांतून रक्त यायचं, म्हणून ती मुरड मला घालायला सांगायची. तिला कुणी कुणी पाला आणून द्यायचं. तो खरा की खोटा, हे सांगणारं कुणी नव्हतं." मग पुन्हा टिकल्या पाडत म्हणाल्या, "निवृत्त व्हायच्या आधी एक तरी पाला मला नीट सांगता यायला हवा. एका माणसाचे पाय बरे झालेले बघायचेत. एवढंच."

हातात दोन वर्षं उरली होती.

ठमाबाई बाईंची मासेवाली. किनाऱ्याकडच्या डोंगरी गावची. रोज बसने टोपली घेऊन यायची आणि पश्चिमेच्या मासळी बाजारात तिसऱ्या ओट्यावर बसायची. बाईंचं आणि तिचं भांडण हे बाजारातल्या बाकीच्या बायकांचं रोजचं मनोरंजन होतं. बाई पापलेटाचे कल्ले उचकटून बघायच्या आणि ठमाबाई म्हणायची, "बघ बघ, आजून बघ. लगीन लावायचाय का त्याच्याशी?" एक दिवस बाईंची नजर कल्ल्यावरून ओट्याखाली गेली. ठमाबाईचे पाय दिवसभर बर्फाच्या पाण्यात. बोटांमधली कातडी पांढरी, फुगलेली, चिरा पडलेली. त्यावर काहीतरी हिरवं वाटून लावल्याचे डाग.

"काय लावता हो?"

"पाला."

"कसला?"

"नाव न्हाय इचारायचा, बाय. नाव सांगला का पाल्याचा गुन जातो. माज्या सासूनं मना दावला, मी सुनेला दावीन. नाव कुनी घेतला न्हाय."

"मग मला नुसता द्याल? मूठभर? नाव विचारणार नाही, शपथ."

दुसऱ्या दिवशी बोंबलांच्या पिशवीत वरती एक पानाची पुडी होती, आधीच चुरगाळून चुरा केलेली. तरी बाईंनी पाला ओळखला असणारच. रानात हिंडून पानं गोळा करण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. पण त्यांनी मला कधी सांगितलं नाही. वहीत त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "ठमाबाईंचा पाला". मला आजही त्याचं नाव ठाऊक नाही.

अर्क तयार झाला तो दिवस मला विसरायचा म्हटलं तरी विसरता येत नाही. विद्यापीठाच्या एका परिसंवादात बाईंना निबंध वाचायचा होता. निवृत्तीआधीची ती शेवटचीच संधी. त्यासाठी गोषवारा पाठवायची मुदत तोंडावर आलेली. दुपारी दोनला वीज जाणार होती. नुसत्या स्पिरिटच्या टिकल्या मी आदल्या दिवशीच करून वाळवून ठेवल्या होत्या. पाल्याच्या टिकल्या नुकत्याच बुडवलेल्या. त्या पंख्याखाली तासभर तरी वाळायला हव्या होत्या आणि माझ्याकडे होती वीस मिनिटं. घरी पाण्याचा दिवस चुकलेला, मुलगी शाळेतून येणार, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाई पलीकडच्या खोलीत तास घेत होत्या. मी ओल्या टिकल्याच तीन बश्यांत ठेवून दिल्या.

तास संपवून आल्या तशा त्यांनी विचारलं, "कोरड्या होत्या ना?"

"हो," मी म्हटलं.

एवढाच शब्द. तो बोलायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळ मी विचार केला असेल.

आठ दिवसांनी बश्या उघडल्या आणि बाई खुर्चीत बसल्याच. तिन्ही बश्यांत पाल्याभोवती एवढं मोठं अंगण की ओवा-लवंग मागे पडले. नुसत्या स्पिरिटभोवती काही नाही. "मंगलताई, हे बघा, हे बघा," त्या म्हणत होत्या, आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच क्षणी ओल्या टिकल्या आठवल्या. स्पिरिट बुरशीला मारतं हे मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "छान आलंय, बाई." आणि बटाटे सोलायला गेले.

गोषवारा गेला. त्याच संध्याकाळी बाई बाजारात गेल्या आणि ओट्यासमोर उभं राहून ठमाबाईला म्हणाल्या, "तुमचा पाला खरा आहे हो. बुरशीला मारतो. मी डोळ्यांनी बघितलं." शेजारच्या बायकांनी ठमाबाईला कोपरखळ्या मारल्या. ती लाजली. त्या दिवशी तिने बाईंशी भाव केला नाही. आणि बाई आपलं रोजचं वाक्य बोलायला विसरल्या. बशीत मेली म्हणजे बोटात मेली असं नाही, हे त्या तेवढ्या एकाच वेळी बोलल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी तिसरा ओटा रिकामा दिसला. शेजारची बाई म्हणाली, "ठमीचा पाय सुजलाय घोट्यापतूर. ताप भरला. हास्पिटलात ठेवलीय."

बाईंनी मासे घेतले नाहीत. कॉलेजात परत आल्या, वही उघडून बसल्या आणि पुन्हा पुन्हा तेच पान बघत राहिल्या. "असं कसं?" त्या म्हणत होत्या. "एवढं अंगण पडलं होतं. असं कसं?" मला ते बघवेना. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. टिकल्या ओल्या होत्या. मी खोटं बोलले.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उचललं आणि त्या पानावर एक सरळ रेघ मारली. प्रयोगाच्या वहीत खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हे मुलांना त्याच शिकवायच्या. बाजूला लिहिलं, "टिकल्या ओल्या होत्या. मी विचारलं, बघितलं नाही." खाली सही केली. माझं नाव कुठेच नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यापुढे मी विचारणार नाही, मंगलताई. बघत जाईन."

पुन्हा टिकल्या केल्या. या वेळी प्रत्येक टिकली त्यांनी चिमट्यात धरून स्वतः बघितली. आठ दिवसांनी अंगण पडलं, पण लहान. असून नसल्यासारखं नव्हे, पण निबंध वाचावा इतकंही नव्हे. बाईंनी विद्यापीठाला पत्र लिहून गोषवारा परत घेतला. कारण काय लिहिलं ते मला दाखवलं. वहीतलंच वाक्य होतं.

ठमाबाई घरी आल्यावर आम्ही दोघी डोंगरीला गेलो. घराच्या पडवीत ती पाय लांब करून बसली होती. पायाला पट्टी होती, आणि दवाखान्यातल्या गोळ्या उशाशी. बाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. त्यांनी सगळं सांगितलं. टिकली, स्पिरिट, चूक, खरं अंगण केवढं, काही लपवलं नाही. "माझ्या बोलण्यामुळे तुम्हाला हे भोगावं लागलं," त्या म्हणाल्या.

ठमाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाय, तुजा कागद मना कलत न्हाय. पन माजा पाला खोटा न्हाय. या खेपेला मीच चुकली. तू सांगलंस पाला मारतो, मंग मी म्हनली, तीन दिस घरान बसू कशाला?"

"कसले तीन दिवस?"

"पाला लावला का तीन दिस पान्यान पाय न्हाय घालाचा. आंगोल न्हाय, बाजार न्हाय. चुलीपुढं पाय करून बसाचा. पाला वालून गलून परला, का उठाचा. या खेपेला पाला लावला, वरून पिलास्टिकची पिशवी बांधली न गेली तशीच बाजारान."

बाई पुढे सरकल्या. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू पाल्याचा इचारलंस. बसायचा कवा इचारलंस?"

परत येताना बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी पानं गोळा केली. प्रत्येक वेळी पान घेतलं आणि घरी आले. ते लावून माणूस काय करतो, कुठे बसतो, हे कधी विचारलंच नाही." बोलायचा अधिकार मी तेव्हा गमावलेला होता. "तीन दिवस कोरडं बसायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, मंगलताई. नुसतं कोरडं ठेवा म्हटलं तर कोण बसतं? पाला थोडं मारतो आणि उरलेलं तिच्याकडून करून घेतो."

नंतरचं वर्ष-दीड वर्ष बाई माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या. चेष्टा करायच्या, डब्यातली कोलंबी द्यायच्या. पण मी वाळवलेली प्रत्येक टिकली त्या उचलून, हाताच्या पाठीला लावून बघायच्या. रोज. मी समोर उभी असायची. त्यात राग नव्हता, हेच अवघड होतं. आणि सकाळी आल्या आल्या, अंगण पडलं का, हे विचारणं बंद झालं होतं. त्या स्वतःच जाऊन बघायच्या. त्या प्रश्नाची मला इतकी सवय झाली होती की कितीतरी दिवस पर्स ठेवल्याचा आवाज आला की मी उत्तर द्यायला तोंड उघडायची.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा कुठल्या निबंधावर त्यांचं नाव नव्हतं. निरोप समारंभात पेडणेकरांनी भाषण केलं आणि ते संपल्यावरही मुद्दाम उभेच राहिले, त्यावर बाई खूप हसल्या.

त्याच वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, बाजार पुन्हा भरला, आणि ठमाबाईचे पाय पुन्हा चिघळले. डॉक्टरांनी मलम-गोळ्या दिल्या आणि पाय कोरडे ठेवा म्हणाले. तिला पालाही लावायचा होता आणि तीन दिवस बसायचंही होतं. बाईंनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जखम उघडी नसेल तिथे लावू दे, पण बसू दे जरूर. अडचण एकच होती. हंगामाच्या तोंडावर ओटा तीन दिवस रिकामा राहिला तर दुसरी कुणी येऊन बसणार, आणि एकदा बसलेली उठत नाही. सून बाळंतपणाला गेलेली. त्या ओट्यावर ठमाबाईची सगळी उमेद होती.

तेव्हा कर्णिक बाई त्या ओट्यावर जाऊन बसल्या.

मी ऐकलं तेव्हा मला खरं वाटेना. धावत गेले तर खरंच. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंबाड्यावर रुमाल, हातात कोयता, आणि समोर पापलेट, बोंबील, मांदेली. भाव त्यांना ठमाबाईनेच शिकवले होते, पण त्यांना भाव चढवता येत नव्हते आणि उतरवताही येत नव्हते. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांनी त्यांना चांगलंच गंडवलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या मासेवालीने भाव सांगायचा आणि बाईंनी मासे कापून द्यायचे, असं ठरलं. त्यांचे जुने विद्यार्थी येऊन लाजत उभे राहायचे. बाई त्यांच्या पायांकडे बघून म्हणायच्या, "घरी बूट काढून पाय हवेशीर ठेव रे. आणि बांगडा घेऊन जा."

त्यानंतर गणपतीला मी गावी गेले. परत आले तर बाईंच्या दाराला कुलूप. लेकीने आग्रह करून त्यांना नागपूरला नेलं होतं. पत्रं यायची, त्यांत नागपूरच्या संत्र्यांच्या सालीचं अंगण केवढं पडतं ते असायचं. दोन वर्षांनी एका दुपारी लेकीचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते, हातात बटाटा होता. फोन ठेवल्यावर मी तो सोलून पूर्ण केला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. आजही संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लावताना वाटतं, कुणीतरी पर्स ठेवेल आणि विचारेल. त्यांची आठवण येते असं म्हणणं पुरेसं नाही. त्यांनी काही विचारावं, अशी भूक लागते.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या मासे विकायच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, ओट्यावर. ठमाबाई आली होती. नवीन चपला घालून, हळूहळू, पाय जपत. बाईंनी तिला ओट्याच्या कडेला बसवलं, तिची चप्पल काढली आणि पाय आपल्या मांडीवर घेतला. सगळा बाजार बघायला लागला.

"बाय, पाय नको धरू. मना पाप लागंल," ठमाबाई पाय ओढायला लागली.

"गप्प बसा हो." बाईंनी मान वर केली आणि त्यांना गर्दीत मी दिसले. "मंगलताई, इकडे या. माझे हात ओले आहेत. तुम्ही बघा."

मी खाली बसले. हात पदराला कोरडे पुसले. एका पायाच्या चार फटी, दुसऱ्याच्या चार. प्रत्येक फट फाकवून बघितली, प्रत्येकीत बोट फिरवलं, घाई केली नाही. जुन्या चिरांच्या कडा होत्या, वाळलेल्या पाल्याचा चुरा होता, खालून नवी कातडी येत होती.

"कोरडं आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "कोरडं आहे."

बाईंनी मान हलवली. त्यांनी वाकून बघितलं नाही. ठमाबाईच्या पायात चप्पल सरकवली, कोयता उचलला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पायांवरून नजर वर आणत म्हणाल्या, "या, बोंबील ताजे आहेत."